एका बंदरात एकच गोष्ट

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावाने आम्हाला अमेरिकेला बोलावलं. तो फ्लोरिडात नोकरी करतो. अम्मीचं वय झालंय, पुन्हा एवढा प्रवास तिला झेपेल न झेपेल, म्हणून त्याने सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. भाऊ, भावजय, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी, माझा सात वर्षांचा लेक, अम्मी आणि मी, असे आम्ही सात जण. जहाज चार ठिकाणी थांबणार होतं: मेक्सिकोचं कोझुमेल बेट, ग्रँड केमन, जमैकातलं फालमथ आणि शेवटी बहामातलं क्रूझ कंपनीचं खासगी बेट. प्रत्येक ठिकाणी सात-आठ तास. त्या तासांत कुठे जायचं, काय बघायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. "आपा, तू दरवर्षी शाळेच्या सहली काढतेस, तूच ठरव," असं भाऊ म्हणाला.

पहिल्याच बंदरात मी ते काम इतकं वाईट केलं की तीन लहान मुलं आणि एक म्हातारी आई यांना घेऊन आमचं जहाज चुकता चुकता राहिलं. परत आल्यापासून ओळखीतले लोक विचारतात. कुणाचा मुलगा टेक्ससला आहे, कुणाची मुलगी न्यू जर्सीला. "आम्हीही जाणार आहोत, मुलांना घेऊन काय काय बघावं?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणते, कमी बघा. असं का म्हणते, ते जरा सविस्तर सांगते.

कोझुमेलला उतरून मी तुलुम ठरवलं होतं. समुद्रकाठच्या कड्यावर बांधलेलं, तटबंदी असलेलं माया लोकांचं जुनं शहर. इतिहास मला आवडतो, मुलांनाही दाखवावा असं वाटलं. खरं सांगायचं तर तिथला फोटो स्टाफरूममध्ये दाखवायचा होता, हेही मनात होतंच. पण तुलुम कोझुमेलवर नाही, पलीकडे मुख्य भूमीवर आहे. आधी पाऊण तासाची फेरीबोट, मग तासभर गाडी. नकाशावर ते अंतर बोटभर दिसत होतं.

फेरीबोट हलायला लागली आणि माझा लेक उलट्या करू लागला. त्याच्या मागोमाग अम्मी. गाडीतून उतरल्यावर दरवाजापर्यंत बरंच चालायचं होतं, सावली थोडी, ऊन डोक्यावर. बाबागाडी खडीवर चालेना, म्हणून भावाने भाचीला खांद्यावर घेतलं आणि बाबागाडी मी उचलली. ज्या निळ्या समुद्राचे फोटो पाहून मी भुलले होते, तो त्या दिवशी काठाला तपकिरी होता. सरगॅसम नावाचं तरंगतं शेवाळ २०११ पासून जवळपास दरवर्षी वसंत-उन्हाळ्यात कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगाने येऊन पडतं आणि कुजतं. तुलुमचा किनारा पूर्वेला उघडा असल्याने तिथे ते जास्त. सडक्या अंड्यासारखा वास. भाची रडत होती, भाचा "घरी कधी जायचं" विचारत होता, आणि मी मायांच्या राज्याबद्दल बोलत होते. वर्गात मुलं ऐकत नसतील तर मला लगेच कळतं. त्या दिवशी कळलं नाही, किंवा मी कळून घेतलं नाही.

मग घड्याळाचा घोळ झाला. साडेचारच्या आत सगळ्यांनी जहाजावर हजर राहायचं होतं. परतीच्या फेरीबोटीतून कोझुमेलला उतरलो तेव्हा माझ्या मोबाइलवर सव्वातीन वाजले होते. सव्वा तास हातात आहे म्हणून मी मुलांना आइसक्रीम घ्यायला निघाले. भावजयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तिच्या घड्याळात सव्वाचार होते.

कोझुमेल ज्या राज्यात येतं, त्या किन्ताना रूमध्ये २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते. फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. केमन आणि जमैकातही घड्याळं बदलत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात या तिन्ही बंदरांतली वेळ फ्लोरिडाच्या एक तास मागे असते. काही जहाजं आपलं घड्याळ बंदराप्रमाणे बदलतात, काही बदलत नाहीत. आमच्या जहाजाने बदललं नव्हतं. मोबाइलने मात्र मला न विचारता बदललं होतं. फेरीबोट शहरात लागते, जहाजाचा धक्का तिथून काही किलोमीटर दूर. दोन टॅक्सी केल्या, एका टॅक्सीत अम्मी मोठ्याने दुआ पढत होती. साडेचारला दोन मिनिटं असताना आम्ही पोहोचलो.

आम्ही तुलुमला स्वतःच्या बंदोबस्ताने गेलो होतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची सोय कंपनी करते. स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत होते. भारतीय पासपोर्टवर, आपला अमेरिकेचा व्हिसा जहाजावर ठेवून, मेक्सिकोच्या धक्क्यावर तीन लेकरांसह उभं राहायची वेळ आली असती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

रात्री जेवणाच्या टेबलावर मी मुलांना विचारलं, आज काय पाहिलं? माझा लेक म्हणाला, "घोरपड!" भाचीने दोन्ही हात पसरून ती केवढी होती ते दाखवलं. तुलुमच्या दगडांवर इग्वाना ऊन खात पडलेले असतात. मुलांनी शहर पाहिलंच नव्हतं, इग्वाना पाहिला होता. आम्हाला वाढणारा मुलगा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलाच निघाला होता. तो हसून म्हणाला, "आपा, घोरपडीसाठी एवढ्या लांब कशाला गेलात? ती इथे बेटावरच मिळाली असती. पोरांना घेऊन पलीकडे जाऊ नये. इथे पश्चिमेच्या बाजूला पाणी शांत असतं, वाळूत बसवायचं त्यांना." तो स्वतः महिन्यातून दोनदा या बंदरात येतो. उतरून काय करतो, विचारलं. म्हणाला, "एका हॉटेलात बसतो आणि घरी व्हिडिओ कॉल लावतो."

मला अब्बा आठवले. अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्यांनी निम्मं जग पाहिलं, पण चार-चार तासांच्या तुकड्यांनी. मोंबासाबद्दल विचारलं तर तिथल्या किल्ल्याबद्दल ते काही सांगायचे नाहीत. बंदराजवळच्या एका चहावाल्याबद्दल सांगायचे, दर खेपेला त्याच्याकडेच बसायचे. आम्ही लहानपणी हसायचो, एवढं जग फिरून यांनी चहाचं दुकान पाहिलं म्हणून. आता वाटतं, चार तासांत एका माणसाला एक जागा नीट ओळखता येते आणि ती त्यांनी ओळखली होती.

बी.एड.ला असताना पाठाचं टाचण काढायला शिकवतात. एका तासिकेला एक उद्दिष्ट. चार उद्दिष्टं लिहिली की पर्यवेक्षक लाल शाईने तीन खोडायचे. वीस वर्षं मी हे पाळत आले आणि सहलीच्या वेळी मात्र विसरत आले. आपण पैसे भरलेले असतात, एवढ्या लांब आलेलो असतो, पुन्हा येणं नाही, या तीन गोष्टी डोक्यात बसल्या की आपण मुलांच्या अंगात किती जीव आहे ते बघत नाही. तीन वर्षांच्या मुलीला दुपारी झोप लागते. ती भारतात लागते तशी मेक्सिकोतही लागते. दिवसाचं वेळापत्रक घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या झोपेवरून आणि भुकेवरून लावायचं. मोठ्यांचा इतिहास, फोटो, खरेदी त्यानंतर. दोन्ही जमत नसेल तर मोठ्यांनी पाळी लावावी. एकाने उतरावं, एकाने मुलांजवळ राहावं. न उतरणं हाही एक चांगला बेत असतो. सगळे खाली गेलेले असतात आणि जहाजावरचा तलाव मोकळा पडलेला असतो. फक्त डायपर घालणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांवर मुख्य तलावात उतरू देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे का ते आधी विचारावं.

दुसऱ्या दिवशी केमनसाठी मी 'स्टिंगरे सिटी' ठरवली होती. समुद्रातल्या उथळ वाळूच्या पट्टीवर पाकट मासे माणसांभोवती फिरतात. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे, त्या वासाने ते जमू लागले. मोठ्यांना तिथे कमरेएवढं पाणी, म्हणजे तीन वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून. शिवाय केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लोकांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, जंजिऱ्याला आपण होडीने जातो तसं. धक्का बांधावा का यावर तिथे २०२५ मध्ये लोकांचा कौल घेतला, लोकांनी नको म्हणून सांगितलं. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जाण्याची आमच्यापैकी कुणाची तयारी नव्हती.

रात्रीच मी तो बेत रद्द केला आणि मुलांना घोरपड आवडली होती, तर घोरपडच बघायची असं ठरवलं. केमनचा निळा इग्वाना जगात फक्त त्या एका बेटावर आढळतो. या शतकाच्या सुरुवातीला रानात तो पंचवीससुद्धा उरला नव्हता. तिथल्या लोकांनी पिल्लं वाढवून सोडायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये सोडलेल्यांची संख्या हजारावर गेली. क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्क या बागेत तो दिसतो. बंदरावर एक मोठी टॅक्सी ठरवली, भाडं माणशी की गाडीचं हे आधी विचारून घेतलं. सकाळी लवकर गेलो. ओळखू यावेत म्हणून त्या इग्वानांच्या मानेवरच्या काट्यांत रंगीत मणी लावलेले असतात. माझा लेक आणि भाचा तासभर मणी मोजत बसले: लाल, पांढरा, निळा. भाचीला झाडाखाली सावली होती, अम्मीला बाक होतं. दुपारी एकच्या आत आम्ही जहाजावर परतलो, मुलं झोपली. त्या दिवशी आम्ही केमनचा प्रसिद्ध सेव्हन माइल बीच पाहिला नाही, पाकट पाहिले नाहीत, कासवं पाहिली नाहीत. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. आज माझा लेक निळ्या इग्वानाबद्दल वर्गात दहा मिनिटं बोलू शकतो. तुलुमबद्दल त्याला एक वाक्य सांगता येणार नाही.

एकच गोष्ट निवडायची ठरली की तयारीही नेमकी होते. ज्या सहलीला जायचं तिची वयाची आणि उंचीची अट आधी वाचावी. तारेवरून घसरण्यासारख्या खेळांत लहान मुलांना घेत नाहीत आणि ते तिथे गेल्यावर कळलं तर रडारड होते. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही, शक्य असेल तर बरोबर न्यावं. पुष्कळ किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. टॅक्सीत लहान मुलांची खुर्ची बहुधा नसते, तेव्हा लांबचा रस्ता टाळलेला बरा. जहाजावरची फळं किंवा शिजवलेलं अन्न बंदरात नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातली बिस्किटं चालतात. ऊन लागू नये म्हणून लावायच्या मलमांतली काही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात. सेंट थॉमस वगैरे अमेरिकन व्हर्जिन बेटांवर अशा मलमांना २०२० पासून बंदी आहे. त्यापेक्षा लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे बरे. माझे तसे होतेच. मुलांनाही तसेच घेतले आणि मलम निम्मंच लागलं.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना जास्त काळजी असते. मेक्सिकोत घेवड्याची उसळ शाकाहारी दिसते, पण पुष्कळदा डुकराच्या चरबीत केलेली असते. त्या चरबीला 'मान्तेका' म्हणतात, हा शब्द पाठ करावा. जमैकात निखाऱ्यावर भाजलेली 'जर्क' कोंबडी आणि डुकराचं मांस एकाच जाळीवर असू शकतं. मासळीवर दिवस काढणं सगळ्यात सोपं. आम्ही कोकणी शाफई, समुद्रातलं आम्हाला सगळं चालतं, त्यामुळे आमची अडचण कमी झाली. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावं, कारण जहाज अमेरिकेतून बाहेर पडून पुन्हा आत येतं. प्रत्येक बंदराचे नियम कंपनीकडून लेखी घ्यावेत. मुलांच्या खिशात जहाजाचं नाव आणि आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून घ्यावा. आणि जहाजाच्या वेळेवर लावलेलं एक साधं मनगटी घड्याळ असावंच.

फालमथला मी फक्त दोन तास ठरवले. जहाजातून उतरलं की २०११ मध्ये बांधलेलं बंदर लागतं. कुंपणाच्या आत दुकानं, दागिने, टोप्या. पुष्कळ जण तिथेच फिरून परत जातात आणि जमैका पाहिला म्हणतात. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. १७६९ मध्ये वसवलेलं ते गाव साखरेच्या व्यापारावर मोठं झालं. तो ऊस आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी पिकवला. सात वर्षांच्या मुलाला हे एवढंच सांगितलं, तो ऐकून बराच वेळ गप्प होता. विक्रेते मागे लागतात, हसून नको म्हटलं की सोडतात.

रस्त्याच्या कडेला एक बाई आंबे विकत होती. अम्मीने आंबा हातात घेतला, देठाशी वास घेतला आणि बाईला मराठीतच विचारलं, "कुठला गो हा?" भावाने इंग्रजीत विचारून सांगितलं की या जातीचं नावच 'ईस्ट इंडियन' आहे. जमैकात आंबा आला तो १७८२ मध्ये, इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरच्या रोपांतून. आणि १० मे १८४५ ला हिंदुस्थानातून कराराने आणलेले पहिले मजूर तिथे उतरले. पुढे १९१७ पर्यंत छत्तीस हजारांवर माणसं आली. तिथल्या रोजच्या जेवणातलं बोकडाचं 'करी गोट' त्यांच्याबरोबर आलं. भाऊ हे सांगत होता आणि अम्मी त्या बाईला रत्नागिरीच्या हापूसबद्दल सांगत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. फळ जहाजावर नेता येणार नव्हतं, म्हणून आम्ही तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून आंबे खाल्ले. मुलांचे कपडे पिवळे झाले. बाईने हात धुवायला बाटलीभर पाणी दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. अम्मीला तुम्ही आज त्या प्रवासाबद्दल विचारा, ती या बाईबद्दलच सांगेल.

शेवटचा दिवस खासगी बेटाचा. तिथे सगळं सोपं होतं: उथळ पाणी, जीवरक्षक, सावली, खाणं, घसरगुंड्या. धावपळ नाही, जहाज समोर उभं. मुलं सगळ्यात जास्त खूश त्याच दिवशी होती, हे मी लपवणार नाही. रात्री भाऊ म्हणाला, "आपा, मुलं खूश आहेत ना, मग कशाला बाहेरची यातायात? चारही दिवस असंच असतं तर काय बिघडलं असतं?"

त्याचं निम्मं मला पटतं. लहान मुलांबरोबर असा एक सोपा दिवस हवाच, आणि तो शेवटी ठेवला तर उत्तम. पण त्या बेटावर राहणारं कुणी नव्हतं. जे होते ते कामावर आले होते. घरी येऊन भाचा म्हणाला, "बहामात खूप घसरगुंड्या आहेत." मी त्याला नकाशा काढून दाखवला, नसाऊ शहर दाखवलं, तिथे तुझ्याएवढी मुलं शाळेत जातात म्हणून सांगितलं. आपण ज्या गावात चार तासांसाठी उतरतो, तिथे कुणाचं तरी घर असतं, हे मुलांना लहानपणीच कळायला हवं असं मला शिक्षक म्हणून वाटतं. त्यासाठी पाच ठिकाणं बघावी लागत नाहीत. फाटकाबाहेरचे दोन तास आणि एक आंबेवाली पुरते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आमच्या सहलीचं पत्रक दरवर्षी मीच काढते. गेल्या वर्षी त्यात एका दिवसात पाच ठिकाणं होती. पाचव्या ठिकाणी निम्मी मुलं बसमधून उतरलीच नव्हती, झोपली होती. यंदा मी एकच ठिकाण लिहिलं, जंजिरा, आणि पुढे 'संपूर्ण दिवस' असं लिहिलं. दोन पालक भेटायला आले. "मॅडम, एवढ्या पैशांत एकच?" मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि तुलुमची गोष्ट सांगितली. एकाला पटली. दुसरे अजून विचार करताहेत.